दाजीपूरच्या जंगलात पायी जायचंय? आधी परतीची वेळ ठरवा, बॅग नंतर भरा

थंडी पडायला लागली की कोल्हापुरात हा फोन ठरलेला असतो, "शनिवारी दाजीपूरला चाललोय, बरोबर काय काय घेऊ?" बॅगेचा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटचा आहे, पण लोक तिथूनच सुरू करतात. बूट घेतात, हेडलॅम्प घेतात, ग्रुपचं नाव ठेवतात, डीपी लावतात, आणि मग गेटवर जाऊन कळतं की पायी सोडतच नाहीत, किंवा सोडतात पण वाटाड्या बरोबर पाहिजे, किंवा आज बंदच आहे. मग तोंड पाडून फोंडा घाटात चहा पिऊन परत.

दाजीपूरचं जंगल ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. पन्हाळ्यावर किंवा मसाई पठारावर फिरून आलेल्या माणसाला वाटतं हेही तसलंच असेल, चुकलो तर कुणीतरी वाट सांगेल. इथं सांगणारं कुणी भेटत नाही, भेटला तर गवा भेटतो. म्हणून खाली लिहिलेला क्रम बदलू नका, निम्म्याहून जास्त चुका नुसत्या क्रम बदलल्यामुळं होतात.

## १. परवानगी: तारीख ठरवायच्या आधी

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधल्या कलम २७ आणि २८ प्रमाणं अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. "आम्ही काय शिकारीला आलोय का" हा वाद गेटवर घालायचा नाही, त्या वनरक्षकाच्या हातात काही नसतं.

वनखात्याच्या ऑफिसला फोन करून किंवा प्रत्यक्ष जाऊन विचारायचं, आणि नेमकं विचारायचं. "दाजीपूर चालू आहे का?" असं विचारलं की "हो" येतं, कारण जीपची सफारी चालू असते. पायी जाणं हा वेगळा विषय आहे. म्हणून हे प्रश्न वहीत लिहून घ्या:

- सध्या पायी जायला कोणती वाट उघडी आहे? (ठक्याचा वाडा, सावराई सडा, शिवगड, जिथं जायचंय ते नाव घेऊन विचारा.)
- वाटाड्या सक्तीचा आहे का, आणि तो कुठून मिळणार?
- आत किती वाजता सोडतात आणि बाहेर किती वाजेपर्यंत यायला लागतं?
- आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी?
- ओळखपत्र, माणसांची यादी, गाडीचा नंबर, यातलं काय काय लागतं?

शिवगडाबद्दल एक. किल्ला आहे म्हणजे परवानगी कशाला, असं बरेच जण धरून चालतात. तो अभयारण्यातच येतो, नियम तेच.

तपासा: परवानगी कुणी दिली त्यांचं नाव, हुद्दा, तारीख लिहून घेतली का? "मित्राचा मामा फॉरेस्टमध्ये आहे" ही परवानगी नव्हे.

## २. महिना निवडा

पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असतं, विषय संपला. इन्स्टावर कुणाचा तरी जुलैमधला व्हिडिओ बघून जाऊ नका.

नोव्हेंबर ते जानेवारी चांगलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सावलीत, ओढ्याकाठी अजून जळवा असतात. डिसेंबर-जानेवारीत थंडी असते, पाणी बऱ्यापैकी असतं, पण दिवस लहान. फेब्रुवारीपासून गवत वाळतं, वणव्याची भीती सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये जनावरं पाणवठ्यावर जास्त दिसतात हे खरं आहे, पण सड्यावरचा (म्हणजे वरच्या उघड्या कातळ पठारावरचा) जांभा दगड असा तापतो की दुपारी वरून ऊन आणि खालून धग, मधे आपण. पहिल्यांदा जात असाल तर उन्हाळा सोडा.

## ३. उलटा हिशोब

हा टप्पा लोक करतच नाहीत. सगळे "सकाळी किती वाजता निघायचं" यावर भांडतात. उलट बाजूनं मोजा.

समजा बाहेर पडायची शेवटची वेळ संध्याकाळी पाच आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पण दाट झाडीत उजेड त्याच्या बराच आधी जातो. म्हणून स्वतःसाठी गेटवर पोचायची वेळ चार धरायची. एक तास हातात ठेवायचा, कुणाचा तरी पाय मुरगळतोच, कुणाचं तरी पोट बिघडतंच. आता चारपासून मागं या. पाठीवर ओझं घेऊन, चढ-उतार, थांबत, बघत चाललं तर तासाला दोन ते तीन किलोमीटर होतात. रंकाळ्याभोवती सकाळी ज्या स्पीडनं फिरता तो इथं लावायचा नाही. जायला तीन तास लागणार असतील तर यायलाही तीनच धरा, उतार आहे म्हणून कमी करू नका, दमलेली माणसं उतारावरच पडतात.

म्हणजे एक वाजता, जिथं असाल तिथून, मागं फिरायचं. समोर सडा दिसत असला, "फक्त दहा मिनिटं" राहिली असली तरी. ही वेळ आदल्या दिवशी ग्रुपमध्ये सगळ्यांनी मान्य करून घ्यायची, कारण ऐनवेळी एकाच्या डोक्यात भूत शिरतं आणि बाकीचे भिडेखातर मागं जातात.

आता सकाळची वेळ आपोआप निघते: एकच्या आधी जायचे तीन तास, म्हणजे उशिरात उशिरा दहा, आणि वर बसायला-बघायला वेळ पाहिजे तर त्याच्याही आधी. सकाळी सातला गेटवर पाहिजे असलं तर कोल्हापुरातून पहाटे निघण्यापेक्षा आदल्या रात्री राधानगरी किंवा दाजीपूरला मुक्काम करा. कोल्हापूर ते दाजीपूर साधारण ऐंशी किलोमीटर आहे, पहाटे धुक्यात टू-व्हीलर मारत यायचं, त्यात रस्त्यावर गवा आडवा आला तर ट्रेक तिथंच संपला. एसटीनं जाणाऱ्यांनी रंकाळा स्टँडवर आणि मध्यवर्ती स्टँडवर दोन्हीकडं चौकशी करा, आणि जायच्या गाडीपेक्षा परतीची शेवटची गाडी किती वाजता हे आधी विचारा.

तपासा: घरातल्या एका माणसाकडं हे लिहून दिलंय का? कोणती वाट, कोण कोण, वाटाड्याचा नंबर, बाहेर यायची वेळ, आणि "इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला लाव". आत रेंज भरवशाची नसते, तेव्हा हा कागद मोबाईलपेक्षा जास्त कामाचा.

## ४. पाण्याचा हिशोब

माणशी चार लिटर, थंडीत तीन. चार लिटर म्हणजे चार किलो, त्यामुळं पहिली बाटली भरल्यावरच लोकांचा जीव वरखाली व्हायला लागतो आणि मग "वाटेत ओढा आहे की" असं म्हणून दोन काढून ठेवतात. नकाशावर ओढा आहे म्हणजे त्यात पाणी आहे असं नाही. वाटाड्याला आदल्या दिवशी विचारा, "मामा, आठवड्यात तिकडं गेलावता का, पाणी वाहतंय का साचलंय?" वाहतं आणि साचलेलं यात फरक आहे, साचलेल्यात गवे, सांबरं उतरलेली असतात.

भरावंच लागलं तर कापडातून गाळून क्लोरीनची गोळी टाका आणि निदान अर्धा तास थांबा. गोळी टाकून लगेच तोंडाला लावणारे लई बघितलेत. आत चूल पेटवता येत नाही, त्यामुळं उकळायचा विचार सोडा.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अख्खं अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं की घट्ट होतं, आणि जुलाब-उलटी चालू असलेल्या माणसाला उलट त्रास होतो. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी.

## ५. आता बॅग

बॅग आपल्या वजनाच्या पाचव्या भागाच्या वर जाऊ द्यायची नाही, एका दिवसाला तर त्याच्या निम्म्यातच बसली पाहिजे. जड वस्तू म्हणजे पाणी, जेवण, पाठीला चिकटून मधल्या भागात. तळाला जड टाकलं की बॅग मागं ओढते आणि उतारावर तोल जातो.

पायात: खोल खाचांच्या सोलचे बूट, आणि ते आधी निदान दोन-तीन वेळा जोतिबाच्या पायऱ्यांवर किंवा पन्हाळ्यावर वापरलेले. नवे कोरे बूट पहिल्यांदा जंगलात काढले की दुपारपर्यंत टाचेला फोड ठरलेला. कोल्हापुरी पायतान घालून रुबाबात आलेला एक पाहुणा पण बघितलाय, त्याचं पुढं काय झालं ते सांगत नाही.

अंगात: पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, मोजे पँटच्या वर ओढलेले. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. रंग मातकट, हिरवा, राखाडी. सेंट, डिओ काही मारायचं नाही, का ते पुढं येतं.

खायला: भाकरी, ठेचा, धपाटे, शेंगदाणे-गूळ, केळी. चुरचुर वाजणारी पाकिटं नेऊ नका, आवाजही होतो आणि कचराही. भडंग न्यायचाच तर डब्यातून न्या.

बाकी: हेडलॅम्प (दिवसा जाणार असलात तरी), शिट्टी, पॉवर बँक, मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवलेला ऑफलाईन नकाशा, क्रेप बँडेज, बारीक टोकाचा चिमटा, चिकटपट्टी, रोजची औषधं, कचऱ्याची पिशवी.

नेऊ नका: कोयता, मोठे सुरे (कलम ३१ प्रमाणं परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि "झाडी तोडायला लागंल म्हणून" हे कारण तर अजून वाईट), काडेपेटी, दारू, स्पीकर, ड्रोन.

## ६. गेटवर आणि पहिला अर्धा तास

नोंद करा, माणसं मोजा, नंबर द्या. सगळ्यात पुढं वाटाड्या, सगळ्यात मागं ग्रुपमधला अनुभवी माणूस, आणि सगळ्यात हळू चालणारा वाटाड्याच्या लगेच मागं. लोक नेमकं उलटं करतात, हळू चालणारा शेवटी राहतो, तो पोचला की बाकीचे विश्रांती संपवून उठतात, आणि त्या बिचाऱ्याला दिवसभर बसायलाच मिळत नाही.

अर्ध्या तासानं एकदा मुद्दाम थांबा. बुटाच्या नाड्या, बॅगेचे पट्टे, घाम. कुणाची टाच गरम वाटत असेल तर तिथंच पट्टी लावा, फोड आल्यावर लावून उपयोग नाही. कुणाला दम लागत असेल, छातीत जड वाटत असेल, तर परत फिरायला हीच जागा बरी, अजून गेट जवळ आहे.

## ७. वाट: जाळरेषेला भुलू नका

माणसं चुकतात ती झाडीत कमी आणि मोकळ्यावर जास्त. वणवा पसरू नये म्हणून वनखातं गवताचे पट्टे काढून जाळून ठेवतं, त्याला जाळरेषा म्हणतात. डिसेंबरनंतर हा पट्टा लांबून एकदम मस्त रुंद रस्ता दिसतो, काळा, साफ, सरळ. तो कुठं पोचवण्यासाठी केलेलाच नाही, कड्याच्या टोकाला किंवा दुसऱ्या बीटात (दुसऱ्या वनरक्षकाच्या हद्दीत) नेऊन सोडतो.

दुसरी फसवणूक ढोरवाटेची. गव्यांच्या कळपानं तुडवलेली वाट माणसाच्या वाटेपेक्षा चांगली दिसते, पण कारवीच्या दाट झुडपांत शिरली की पन्नास पावलांत तिचे पाच फाटे होतात आणि कंबरेच्या उंचीवर फांद्या आडव्या येतात. ओळखायची खूण हीच: पायाखाली वाट साफ पण छातीच्या उंचीला झाडी भिडलेली, म्हणजे ती जनावराची. माणसाच्या वाटेवर वरच्या फांद्याही मोडलेल्या असतात.

सड्यावर तर वाट उमटतच नाही, नुसता कातळ. सड्यावर चढल्या चढल्या मागं वळून, जिथून वर आलो त्या जागेचा फोटो काढा, एखादं वाकडं झाड, एखादा मोठा दगड धरून. परतताना सगळी कड सारखीच दिसते.

चुकलात तर: थांबा, सगळे एका जागी या. दोघंजण "बघून येतो" म्हणून दोन बाजूला पाठवायचे नाहीत. शेवटची खात्रीची जागा कोणती होती तिथपर्यंत आल्या वाटेनं मागं जा. ओढा धरून खाली उतरू नका, घाटमाथ्याच्या कडेचे ओढे सरळ कोकणात उड्या मारतात. मागं जाणंही जमत नसेल तर मोकळ्या जागी बसून राहा, थोड्या थोड्या वेळानं तीन शिट्ट्या.

## ८. गवा समोर आला तर

गवा दिसायला म्हशीसारखा संथ, म्हणून लोक मोबाईल काढून पुढं सरकतात. मोठा नर आठशे किलोच्या पुढं जातो आणि पळायला लागला की तुमच्या आवाक्यातला नाही. कळप बहुतेक वेळा स्वतःहून बाजूला होतो. भीती असते ती एकट्या नराची आणि पिल्लू बरोबर असलेल्या गायीची.

बघा काय करतोय. चरत असेल तर थांबा, हळू मागं सरका, त्याला जायला वाट मोकळी ठेवा. मान वर करून तुमच्याकडं रोखून बघतोय, नाकातून जोरात फुस्स करतोय, पाय आपटतोय किंवा आडवा उभा राहून अंग दाखवतोय, म्हणजे तुम्ही फार जवळ आलाय. पाठ न दाखवता मागं या आणि जाड झाडाच्या आड व्हा. अंगावर आलाच तर सरळ रेषेत पळू नका, झाड मधे ठेवा. दगड मारायचा नाही, आरडाओरडा नाही, फ्लॅश नाही.

अस्वल आणि बिबट्या माणसाची चाहूल लागली की बहुधा निघून जातात. अस्वल अचानक अगदी जवळ समोर आलं तर मात्र ते बिथरतं, म्हणून वळणावर, दाट झाडीत अगदी चिडीचूप जाऊ नका, हळू आवाजात बोलत चला.

जागेची चूक: पाणवठ्यावर जेवायला बसणं. गार सावली, पाणी, जागा छान असते, पण तुम्ही बसल्यावर दिवसभराची तहानलेली जनावरं आडोशाला उभी राहतात. पाणी भरा, लांब जाऊन बसा.

## ९. बारीक शत्रू

साप. सड्यावर दगडाखाली फुरसं असतं, बसायच्या आधी काठीनं दगड वाजवा. चापडा हिरव्या फांदीवर हाताच्या उंचीला बसलेला असतो आणि हलत नाही, म्हणून आधाराला फांदी पकडताना आधी बघा, मग हात लावा. चावलाच तर: घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, घड्याळ काढा, तो अवयव काठी लावून हलणार नाही असा ठेवा, वेळ लिहा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. १०८ ला फोन, राधानगरीत किंवा कोल्हापुरात सीपीआरला (मोठ्या सरकारी दवाखान्यात). साप मारून घेऊन जायचा खटाटोप नको. लांबून फोटो मिळाला तर बरंच, कारण आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते, चापड्यावर नाही.

आग्या मोहोळ. कड्याला, उंच झाडाला लटकलेलं दिसलं तर आवाज बंद, धूर नाही, सेंट नाही. उठलंच तर तोंड-डोकं झाकून दाट झाडीत पळा. इथं मात्र पळायचं. पाण्यात उडी मारू नका, वर घिरट्या घालत थांबतात.

खाजकुइली. थंडीत वाळलेल्या सोनेरी केसाळ शेंगा वाटेवर लोंबत असतात, खांदा लागला की झालं. चोळायचं नाही आणि पाणी लावायचं नाही, दोन्हीनं कुसं पसरतात. चिकटपट्टी लावून ओढून काढा, जागा बदलून चार-पाच वेळा. ते कपडे वेगळ्या पिशवीत.

जळवा. ओढून काढू नका, मीठ लावा, सुटते. मोज्यावर आधीच तंबाखूचं पाणी लावलं तर चढत नाहीत.

गोचीड. हा सगळ्यात दुर्लक्षित. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत आणि तो गोचिडीतून येतो. पालापाचोळ्यात लोळून फोटो काढू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, जागा लक्षात ठेवा आणि वनखात्याला १९२६ या हेल्पलाइन नंबरवर कळवा.

## १०. मुक्काम आणि दुसरा दिवस

परवानगीशिवाय आत तंबू टाकायचा नाही, शेकोटी तर अजिबातच नाही. अभयारण्यात आग लावणं कलम ३० प्रमाणं गुन्हा आहे, आणि वाळलेल्या गवतात एक ठिणगी किती लांब जाते ते बघायची हौस नको. दोन दिवसांचा बेत असला तर दोन दिवस आत आणि रात्र बाहेर गावात, असा करा. वनखात्याची किंवा गावातली घरगुती सोय आधी ठरवून ठेवा. घरगुती ठिकाणी जेवण सांगताना माणसं नक्की सांगा, "आठ-दहा जण असू" म्हणून सहाच गेलात तर त्या मावशींचं पीठ वाया जातं.

रात्री पाय धुऊन कोरडे करा, बोटांच्या मधे बघा, बूट उलटे करून ठेवा आणि सकाळी झटकून घाला. दुसऱ्या दिवशी वाट पहिल्या दिवसापेक्षा छोटी घ्या. लोक पहिल्या दिवशी जवळचं आणि दुसऱ्या दिवशी लांबचं ठेवतात, का ते मला आजवर कळलेलं नाही.

## ११. बाहेर आल्यावर

गेटवर नोंद खोडून घ्या, नाहीतर वनरक्षक रात्री तुम्हाला शोधत बसतात. घरी फोन करा. कचरा गेटवरच्या डब्यात न टाकता कोल्हापुरात आणा, तिथला डबा माकडं उपसतात.

घरी गेल्या गेल्या कपडे थेट गरम पाण्यात, गादीवर टाकायचे नाहीत. अंघोळीच्या वेळी गोचीड बघा: काखेत, जांघेत, कानामागं, केसांत, गुडघ्यामागं. सापडली तर चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. रॉकेल, चटका, तेल हे उपाय नकोत.

पुढच्या दोन आठवड्यांत अचानक ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं असं झालं तर डॉक्टरकडं जाऊन पहिलं वाक्य हे सांगायचं: "अमुक तारखेला राधानगरीच्या जंगलात होतो, गोचीड चावली असेल." हे सांगितलं नाही तर साधा व्हायरल समजून गोळ्या मिळतात आणि चार दिवस तसेच जातात.